विहिरीजवळच्या घराला रॉकेलची टाकी: प्लॅस्टिकची दुहेरी, लोखंडी, की टाकीच नको?

माळरान
आम्ही इंग्लंडमध्ये, हेरेफर्डशायरच्या एका खेड्यात राहतो. गावात गॅसची लाइन नाही, घर रॉकेलवर तापतं. इथे त्याला हीटिंग ऑइल म्हणतात, पण टँकर येऊन गेला की अंगणात जो वास रेंगाळतो तो आपल्या रेशनच्या रॉकेलचाच. एकेरी भिंतीची, हिरव्या प्लॅस्टिकची टाकी वीसेक वर्षं उन्हापावसात उभी आहे. गेल्या रविवारी दक्षिणेकडची बाजू पुसायला गेले तर बोटांना हिरवी पूड लागली. खाली तोटी बसवली आहे तिथून केसासारख्या पांढऱ्या रेघा फुटलेल्या दिसल्या. अजून गळत नाही, पण बदलायची हे नक्की.

माझं मत आधीच सांगते: दुहेरीच घ्यायची, म्हणजे टाकीच्या आत टाकी. बाहेरच्या कवचात आतल्या टाकीच्या ११० टक्के तेल मावतं, आतली फुटली तरी तेल कवचातच राहतं. नवऱ्याचं म्हणणं, २,५०० लिटरच्या आत एकेरी चालते, मग जादा पैसे कशाला? पण आमची पिण्याच्या पाण्याची बोअर टाकीपासून पस्तीस पावलांवर आहे. तुम्ही काय कराल?

उंबरठा
तुमच्या यजमानांनी नियमाचा एकच तुकडा वाचलाय. २,५०० लिटरची अट आहेच, पण टाकी त्याहून लहान असली तरी विहीर, बोअर किंवा झरा ५० मीटरच्या आत असेल तर दुहेरी टाकी लागते. ओढा-नदी १० मीटरच्या आत असली तरी तेच. सांडलेलं तेल उघड्या गटारात जाण्यासारखं असेल तरीही. पस्तीस पावलं म्हणजे तीस मीटरही नाहीत. तुमच्या घरात हा वाद उरतच नाही.

लोहारसाळ
दुहेरीला माझा विरोध नाही, प्लॅस्टिकला आहे. ऊन प्लॅस्टिकला ठिसूळ करतं, ती पूड त्याचीच. वर दुहेरी टाकीचा मोठा दोष कोणी सांगत नाही: बाहेरून ती कायम ठणठणीत दिसते. आमच्याकडे वरचं झाकण वाऱ्याने सरकलं, पावसाचं पाणी दोन भिंतींच्या मधे साचत गेलं आणि दोन हिवाळे पत्ता लागला नाही. कवच पाण्याने भरलं तर गळलेलं तेल जाणार कुठे? लोखंडी दुहेरी घ्या. दर काही वर्षांनी रंग दिला की पुरे.

माळरान
दादा, लोखंड आतून गंजतं, तिथे रंग कसा पोचणार? थंडीत टाकीच्या आत दव धरतं, पाणी तेलापेक्षा जड म्हणून तळाशी बसतं आणि तिथून गंज सुरू होतो. झाकणाचं मात्र अगदी पटलं. महिन्याला एकदा मधल्या पोकळीत टॉर्च मारून बघायचं, हे आजच कॅलेंडरवर लिहिते.

लोहारसाळ
म्हणून तर लोखंडी टाकी किंचित उतारावर बसवतात आणि खालच्या टोकाच्या कॉकमधून पाणी काढून टाकतात. वर्षातून दहा मिनिटांचं काम. ठिसूळ झालेल्या प्लॅस्टिकला असा कुठलाच उपाय नाही.

कौलारू
मला या चर्चेचा पायाच मान्य नाही. नवी टाकी म्हणजे पुढची पंधरा-वीस वर्षं रॉकेल. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा लिटरमागे एक पौंडाच्या वर मोजलेत ना? इंग्लंड-वेल्समध्ये हीट पंपाला, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब विजेवर घरात ओढणाऱ्या यंत्राला, ७,५०० पौंड अनुदान मिळतं. आणि ज्या घराचं पाणी बोअरचं, त्याच्या अंगणात हजार लिटर रॉकेल असावंच का? जमिनीत मुरलेलं रॉकेल पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपच्या भिंतीतूनही आत शिरतं. पाण्याला एकदा तो वास लागला की निवळायला वर्षं जातात.

माळरान
तुमची तळमळ कळते, आणि पाण्याबद्दल शब्दन् शब्द खरा आहे. पण आमच्या भिंती दीड हात जाडीच्या दगडी, मधे पोकळी नाही, खिडक्या जुन्या. सासूबाई इथेच असतात, त्यांच्या खोलीत १९ अंशांच्या खाली गेलं की सांधे धरतात. हीट पंपाचं पाणी कोमट, त्यासाठी आधी भिंतींना ऊब धरून ठेवणारं अस्तर आणि मोठे रेडिएटर, म्हणजे गरम पाणी फिरवून खोली तापवणारे पत्रे, हवेत. ते यंदाच्या हिवाळ्यात होत नाही. चिरा मात्र आजच पडल्यात.

चुलीपाशी
एक विचारायचं राहिलं. स्वयंपाकघरात जुनी तेलाची ओतीव शेगडी आहे का? असल्यास जपून. पुष्कळ दुहेरी टाक्यांना तेल वरून ओढावं लागतं. घर तापवणाऱ्या बॉयलरचा पंप ते ओढतो, सोबत हवा काढणारं छोटं उपकरण लागतं. पण जुन्या शेगडीला पंप नसतो, तेल उतारानेच यायला हवं. अशा वेळी तळाला तोटी असलेली दुहेरी टाकी मागा आणि चौथरा उंच घ्या. चौथरा टाकीच्या चारी बाजूंनी ३०० मिलिमीटर बाहेर हवा. टाकी घरापासून १.८ मीटर आणि कुंपणापासून ७६० मिलिमीटर लांब, नाहीतर मधे आगीला टिकणारी भिंत बांधावी लागते.

माळरान
शेगडी आहे! हे कुणीच विचारलं नव्हतं, अगदी दर सांगायला आलेल्या माणसानेही नाही. म्हणजे तळाला तोटी असलेली दुहेरी प्लॅस्टिकची. जागाही बदलणार, घराच्या उत्तरेला, बोअरच्या उताराखाली. तिथे ऊनही कमी.

कौलारू
मग निदान लहान तरी घ्या, हजार लिटरची. भिंतींचं काम झालं की ती काढता येईल.

उंबरठा
लहान नको. २०१० च्या डिसेंबरात बर्फाने रस्ते बंद होते, टँकरला आठवडे लागले. आम्ही एका खोलीत सगळे झोपत होतो.

माळरान
१,३०० लिटरचीच घेते. जुन्या टाकीतलं तेल उपसायला परवा माणूस येतोय, तोवर तोटीखाली परात ठेवली आहे. सकाळ-संध्याकाळ बघते, अजून कोरडी आहे.