नगरसेवकाच्या उमेदवाराला कोळसा-सोलरचं विचारावं का? विचारायचं तर नेमकं काय?

सीताबर्डी_एक्सप्रेस

नमस्कार. मी नागपूरची, बी.एस्सी. फायनलला. महापालिकेला पहिल्यांदाच मत देणार, कारण मागची निवडणूक 2017ला झाली तेव्हा मी सहावीत होते. आमच्या कॉलेजच्या ग्रुपनं ठरवलं की दारावर येईल त्या प्रत्येक उमेदवाराला वीज आणि उन्हाळ्याबद्दल विचारायचं. परवा एक जण गल्लीत आले. मी जवळच्या कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्राबद्दल विचारलं, "काका, कोराडीत 660 मेगावॅटचे अजून दोन संच आणायचं चालून राहिलं, तुमची भूमिका काय?" ते हसले. म्हणाले, "बेटा, आपण वॉर्डात हजार झाडं लावणार आहोत." मागच्या कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. घरात आल्यावर आई म्हणाली, गडर लाइनचं विचारायचं सोडून हे काय घेऊन बसली.

आईचं पटतं मला. पण कोराडीत आत्ताच 660चे तीन संच आहेत, पलीकडे खापरखेड्यात 1340 मेगावॅट. जुलै 2022मध्ये खसाळ्याचा, कोराडी केंद्राच्या राखेचा बंधारा फुटून राख शिवारात पसरली होती. नव्या संचांची जनसुनावणी (प्रकल्पाबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायची सरकारी सभा) 29 मे 2023ला झाली, त्याच सुमारास आमचा बारावीचा निकाल होता. तेव्हा सुनावणी म्हणजे काय हेच कोणाला माहीत नव्हतं.

तर, नगरसेवकाला हे विचारणं येडेपणा आहे का? आणि तरुण पोरांच्या बोलण्यानं कुठे काही बदललंय का? "तुम्हीच देशाचं भविष्य" टाइप उत्तरं नको, ती स्नेहसंमेलनात ऐकून झाली.

कन्हानकाठ

ताई, एसी लावून कोळशाला शिव्या द्यायला काही लागत नाही. आमच्याकडची अर्धी गल्ली प्लांटवर कंत्राटात आहे. उद्या संच बंद झाले तर तुमचा ग्रुप पगार देणार का?

निवृत्त_उपअभियंता

आधी नगरसेवकाचं. कोराडीचा निर्णय त्याच्या हातात नाही. संच महानिर्मितीचे, म्हणजे राज्य सरकारचे. पर्यावरण मंजुरी केंद्राची, वीजदर नियामक आयोगाचे. त्यामुळे त्या गृहस्थांनी झाडं सांगितली यात नवल नाही, झाडं सांगायला फाइल लागत नाही. तो प्रश्न आमदार-खासदारासाठी जपून ठेव.

नगरसेवकाला त्याच्या ताब्यातलं विचार. मनपाच्या किती शाळांच्या छतावर सोलर आहे, आणि बसवलेलं चालू आहे का? (हे दुसरं विसरू नकोस. पॅनेल बसवतानाचे फोटो सगळ्यांकडे असतात, धुणारा माणूस कोणाकडेच नसतो.) पुण्यात सोलर लावणाऱ्याला मालमत्ता करात सूट मिळते, इथे काय? नागपूरला 2016पासून उष्माघाताचा कृती आराखडा आहे. त्याला यंदा पैसे किती, आणि दुपारी बागा उघड्या ठेवणार का? बसचंही विचार. 2014ला इथे इथेनॉलवरची ग्रीन बस मोठ्या थाटात आली होती, 2018ला बंद पडली. रिबन कापायला सगळे होते, बंद पडताना त्यावर कोणी सभागृह डोक्यावर घेतलं असेल तर मला सांग.

आता आमदाराचं. "कोळसा बंद करा" म्हटलंस की तो म्हणेल, "मग रात्री दिवे कशावर लावू?" आणि त्याचं चूक नाही. ऊन दुपारी असतं, मागणी संध्याकाळी सातनंतर चढते. म्हणून साठवणुकीचं विचार. घाटघरला 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प 2008पासून आहे: वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, लागेल तेव्हा खाली सोडून वीज घ्यायची. असे अजून किती, कधी? दुसरं, वीजकेंद्राच्या धुरातलं गंधक काढायची यंत्रणा. केंद्रानं 2015ला निकष आणले, मग मुदतवाढीवर मुदतवाढ दिली आणि जुलै 2025ला बहुतेक वीजकेंद्रांना सूटच देऊन टाकली. पण दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून 10 किलोमीटरच्या आत असलेल्यांना 2027अखेरची मुदत कायम आहे. कोराडीचं अंतर कुठून कुठे मोजलं, हे आमदाराला लेखी विचार. एवढ्या एका प्रश्नानं बैठकीतला चहा थंड होईल.

कन्हानकाठ, तुमचा प्रश्न मी टाळत नाहीये. तो या पोरीनं नाही, सरकारनं सोडवायचा आहे, आणि त्यालाही तो विचारलाच पाहिजे.

गोरेगावची_मृण्मयी

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते सरळ नाही.

मुंबईत आरेत मेट्रोचं कारशेड (गाड्या उभ्या करायची जागा) बांधायला झाडं तोडणार होते, त्याविरुद्धच्या 2019च्या आंदोलनात मी होते. 4 ऑक्टोबरला हायकोर्टानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. विधानसभेचं मतदान होतं 21 ऑक्टोबरला, म्हणजे प्रचार ऐन भरात. तरी कोणाला थांबावंसं वाटलं नाही. थांबवलं सुप्रीम कोर्टानं, 7 तारखेला, तेही कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन. तोवर दोन हजारांवर झाडं पडली होती.

मग सरकार बदललं. नव्या मुख्यमंत्र्यांनी 29 नोव्हेंबरला कारशेडचं काम थांबवलं, पुढच्या वर्षी कारशेड कांजूरमार्गला हलवायचं ठरलं, आणि आरेतली काहीशे एकर जमीन राखीव वन झाली. आम्ही नाचलो. कांजूरची जागा कोर्टात अडकली. 2022च्या जूनअखेर पुन्हा सरकार बदललं आणि कारशेड आरेत परत. आज त्याच मेट्रोनं मी बीकेसीला ऑफिसला जाते, आणि गाडी चांगली आहे हेही कबूल करते. मेट्रो नको असं आमच्यातले बहुतेक जण तेव्हाही म्हणत नव्हते, पण टीव्हीवर तेवढंच दिसलं.

म्हणजे नेते ऐकतात. पण त्यांनी तोंडी दिलेलं पुढचा माणूस तोंडीच काढून घेतो. कारशेड परत आली, राखीव वनाची अधिसूचना मात्र अजून आहे, कारण ती कागदावर आली होती. त्यामुळे उमेदवाराला "तुमची भूमिका काय" असं विचारूच नकोस. ठराव मांडणार का, कोणत्या महिन्याच्या सभेत, एवढंच विचार आणि उत्तर देताना व्हिडिओ काढ.

आखेनचा_पाटील

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या जर्मनीत आखेनला शिकतोय. मला इथे मत नाही, पण बघायला भरपूर मिळालं. इथल्या तरुणांनी शुक्रवारी शाळा सोडून मोर्चे काढले, आणि काही जण थेट घटनात्मक न्यायालयाकडे गेले. एप्रिल 2021ला कोर्टानं निकाल दिला की 2030नंतरच्या उत्सर्जनकपातीचा सगळा भार पुढच्या पिढीवर ढकलणारा हवामान कायदा अपुरा आहे. सप्टेंबरला निवडणूक होती, त्यामुळे सरकारनं काही आठवड्यांतच कायदा बदलला: 2030पर्यंत 55ऐवजी 65 टक्के उत्सर्जनकपात, आणि नेट झिरो 2050ऐवजी 2045ला. पहिल्यांदा मत देणाऱ्यांत हरित पक्ष अगदी वर होता आणि तो सत्तेतही आला.

पुढची गोष्ट मोर्चेवाले कमी सांगतात. त्याच हरित पक्षाच्या मंत्र्यांनी वीज कंपनीशी सौदा केला: इथला कोळसा 2030ला बंद, पण त्याबदल्यात लुत्सेराथ हे गाव खाणीला द्यायचं. जानेवारी 2023मध्ये पोलिसांनी आंदोलक पोरांना चिखलातून उचलून बाहेर काढलं. 2024च्या युरोपीय निवडणुकीत 16 वर्षांच्या मुलांनाही मत मिळालं, आणि 25च्या आतल्यांत हरित पक्ष 11 टक्क्यांवर घसरला. त्याच वयोगटात उजवा एएफडी 16 टक्क्यांवर. कारण भाडी आणि महागाई. तरुण मतदार हा काही एक गठ्ठा नाही, तुझ्या ग्रुपमध्येही नसणार.

गावाकडचं चांगलं सांगायचं तर आमच्या पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी. राज्यातलं पहिलं सौरग्राम. तिथे वीजबिलावर बोलले म्हणून लोक तयार झाले असं माझं मत. वातावरणबदलावर भाषण दिलं असतं तर चावडीवर कोणी थांबलं नसतं.

सीताबर्डी_एक्सप्रेस

थँक यू सगळ्यांना. गठ्ठ्याचं खरंच आहे. आमच्यातल्या दोघांना कोराडीचे संच हवेच आहेत, त्यांच्या गावी अजून शेतीला रात्रीची वीज येते. त्यावर वाद इतका झाला की चहाचे पैसे कोणी द्यायचे हेच राहून गेलं.

@निवृत्त_उपअभियंता काका, सुनावणीत आमच्यासारखे शहरातले बोलू शकतात का?

निवृत्त_उपअभियंता

सुनावणी मुळात स्थानिक बाधितांसाठी असते, आणि आधी त्यांनाच बोलू द्यावं. पण ज्यांचा प्रकल्पाशी संबंध पोहोचतो त्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी हरकत देता येते. नोटीस किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात येते, शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरात. त्या दोन मुलांना सौर कृषी वाहिनी योजनेचं वाचायला सांग. फीडरजवळच्या (गावांना वीज नेणाऱ्या वाहिनीजवळच्या) जमिनीवर सोलर उभारून शेतीला दिवसा वीज द्यायची, असा तिचा हेतू आहे. त्यांच्या तालुक्यातला फीडर कधी जोडणार, हा त्यांच्या आमदाराला विचारायचा प्रश्न झाला. आणि होस्टेलवाल्यांची नावं मतदार यादीत आहेत का बघा. 18 पूर्ण झाली का हे बघायला आता वर्षातून चार तारखा धरतात: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची पहिली. नाव घालायचा फॉर्म 6 मोबाइलवरून भरता येतो.

कन्हानकाठ

ठीक आहे, यादीत माझाही एक घाला. जुने 210चे संच बंद करतात तेव्हा कंत्राटी माणसाचं काय करतात? कायम नोकरीवाले दुसरीकडे बदलून जातात, कंत्राटी घरी बसतात. सोलर आणा, पण त्यात आमच्या आयटीआयच्या पोरांना घेणार का, ते लेखी मागा.

सीताबर्डी_एक्सप्रेस

घातला, आणि वरच घातला. पत्रक एकाच पानाचं ठेवतोय: नगरसेवकाचे प्रश्न पुढे, आमदाराचे मागे. शनिवारी दोन पक्षांचे लोक आमच्या चौकात येणार आहेत. दादा, त्या कंत्राटी कामगारांपैकी कोणी बोलायला येईल का? आमच्यापेक्षा त्यांनी विचारलेलं बरं.

कन्हानकाठ

शिफ्ट बघून सांगतो.