हात वर करा म्हटलं की माणूस बदलतो : दोष मेंदूचा की गावाचा?

धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा)
आमच्या गावात देशी दारूचं दुकान बंद करायचा विषय ग्रामसभेत निघाला. "बंद करा म्हणणाऱ्यांनी हात वर करा." शाळेच्या व्हरांड्यात बायांची दाटी, पण हात खांद्यावर जाईनात. एकीनं उचलला, शेजारणीकडं पाहिलं आणि त्याच हातानं डोक्यावरचा पदर सारखा केला. समोर दुकानदाराचा भाचा मोबाइलवर शूटिंग करत उभा. याच बाया घरी दारूच्या नावानं बोटं मोडतात.

त्यांना भित्र्या म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशनं १९५१ मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या पोरांना रेघांची लांबी ओळखायला लावली होती. एक सोडून बाकी सगळे पढवलेले, मुद्दाम चुकीचं सांगणारे. धडधडीत दिसत असूनही साधारण एक तृतीयांश वेळा पोरांनी गटाचीच री ओढली. तिथं ना दुकानदार होता, ना भाचा. २००५ मध्ये ग्रेगरी बर्न्स आणि सहकाऱ्यांनी तशाच धर्तीच्या प्रयोगात मेंदूचं स्कॅनिंग केलं. गटाविरुद्ध उत्तर देताना अमिग्डाला, म्हणजे भीतीसारख्या भावनांशी जोडलेला भाग, जास्त चेतलेला दिसला. म्हणून म्हणतो, संस्कारांची प्रवचनं पुरे, मतदान गुप्त घ्या. आडव्या बाटलीची सोय २००८ पासून आहेच, म्हणजे दुकान बंद करायचं तर आडव्या बाटलीच्या चित्राला मत, चालू ठेवायचं तर उभ्या.

पऱ्हाटी
काहून बाप्पा, म्हणजे गुन्हा मेंदूतल्या रसायनाचा अन् माणूस सुटला? चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातलं वणी खुर्द आठवते का? ऑगस्ट २०२१. भानामतीच्या संशयावरून सात जणांले भर चौकात बांधून मारलं, त्यात म्हाताऱ्या बायाबी होत्या. पोलिसानं माणसं पकडली, अमिग्डाला नाही पकडला. जमावानं एका इराद्यानं गुन्हा केला तर जमावातला हरेक जण दोषी. जुन्या भादंविचं कलम १४९, आता न्याय संहितेत १९०. 'सारेच करत होते' हे कोर्टात चालत नाही, अन् गावातबी चालू देऊ नका.

सिस्टरताई
रसायनावरून आठवलं. ऑक्सिटोसिन म्हणजे 'प्रेमाचं हार्मोन' असे मेसेज आमच्या ग्रुपवर सारखे फिरतात. आमच्या आरोग्य केंद्रात बाळंतपण झालं की तेच १० युनिट टोचतो, जास्त रक्त जाऊ नये म्हणून. टोचल्यावर सासूवरचा राग गेला अशी एकही बाई अजून पाहिली नाही. काही जण चोरून म्हशीलाही देतात, पान्ह्यासाठी. लाथ मारणारी म्हैस लाथ मारतेच.

धुऱ्यावरचा
सिस्टर, टोचलेलं औषध रक्तातून मेंदूत फारसं पोचत नाही, म्हणून प्रयोगात नाकात फवारतात. २००५ मध्ये झुरिकला फवारा घेतलेल्यांनी पैशाच्या खेळात अनोळखी माणसावर जास्त विश्वास टाकला, अशी बातमी जगभर गाजली. पण तुमचा संशय रास्त आहे. २०२० मध्ये जास्त लोकांवर पुन्हा तपासलं तेव्हा तो परिणाम उभा राहिला नाही. मला त्याहून विचार करायला लावतं ते नेदरलँड्समधलं २०१० चं काम. कार्स्टन डी ड्रू यांना दिसलं की फवाऱ्यानं जिव्हाळा वाढला तो आपल्या गटापुरता, आणि समोरच्या गटाकडून धोका वाटला की आपल्यांना जपण्यासाठी त्यांच्याशी असहकार. यालाही फेरतपासणीची चाळणी लावावीच लागेल. पण 'आपले' आणि 'परके' यांत गाव कसं फाटतं हे पाहिलेल्याला त्यात नवल वाटणार नाही.

पऱ्हाटीभाऊ, कारण सांगणं म्हणजे माफी देणं नाही. तापाचं कारण डास म्हटलं म्हणून डासाची कुणी वकिली करत नाही.

वैनगंगेकाठी
धुरेवाले दादा, ॲशचं अर्धंच सांगितलंत. त्याच प्रयोगात पढवलेल्यांपैकी एकानं जरी खरं उत्तर दिलं, तरी न पढवलेल्याचं गटापुढं वाकणं एकदम कमी झालं. मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅमचं पाहा. विजेचे झटके द्यायला सांगणाऱ्या त्या प्रयोगात ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले होते. पण शेजारी बसलेल्या दोघांनी नकार दिला तेव्हा ४० पैकी फक्त ४. म्हणजे माणसाला बिघडवतो तोही गट, सावरतो तोही गटच. तुम्ही मत पेटीत लपवलं की हा पहिला नकार कुणाला दिसणारच नाही.

आमच्या गडचिरोलीत मेंढा-लेखा आहे. तिथं ग्रामसभा बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं चालते. विरोध असेल तर विषय पुन्हा पुन्हा चर्चेला. सगळं उघड, समोरासमोर.

पऱ्हाटी
मेंढ्याचं कौतुक मलेबी हाय. पण ते लहान गाव, सारे गोंड, अन् जंगल सायऱ्याइचं. आमच्याकडं दारूवाल्याच्या भावाचंच कृषी केंद्र हाय. जूनमध्ये बियाणं-खत उधारीत कोण देते? तोच. भाचा शूटिंग कायले करत होता? ज्या बाईनं हात वर केला तिच्या नवऱ्याले उद्या युरिया 'संपला'. त्या बाईनं पदर सारखा केला ते गटाच्या दबावानं नाही, हिशोबानं. याले स्कॅनिंग नाही लागत, उधारीची वही पाहा.

धुऱ्यावरचा
मग तर गुप्त मतदानच हवं ना!

वैनगंगेकाठी
झालं का पुढं ते?

धुऱ्यावरचा
झालं. मतं पडली त्यात आडवी बाटली चांगलीच पुढं होती, तरी दुकान चालूच आहे. नियमानं गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात, आलेल्यांपैकी नाही. आणि तारीख आली ऐन वेचणीत. किलोमागे मजुरी मिळते, दिवस बुडवून रांगेत कोण उभं राहणार? न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या खात्यात गेली.

सिस्टरताई
पुढच्या वेळी अर्जातच लिहा, मे महिन्यात घ्या म्हणून. वावरं रिकामी असतात.

पऱ्हाटी
मे महिन्यात अर्ध्या बाया लग्नात, बाकीच्या माहेरी. अन् तारीख हापिस ठरवते सिस्टर, आपण नाही.