देवाच्या धाकाशिवाय नीती: वेळुद्वारचे गृहस्थ

बुद्धाच्या नीतीवर दोन आक्षेप घेतले जातात. एक, देवाचा धाक नसेल तर नीतीला पायाच उरत नाही. दुसरा, बुद्धाची शिकवण भिक्षूंसाठी, संसारी माणसाला ती झेपायची नाही. दोन्हींना संयुत्त निकाय या पाली बौद्ध ग्रंथातलं वेळुद्वारचं सूत्र (बुद्धाचं प्रवचन) एकदमच उत्तर देतं.

कोसलातल्या वेळुद्वार गावचे ब्राह्मण गृहस्थ बुद्धाला सरळ सांगतात, आम्ही बायकापोरांत राहतो, काशीचं चंदन लावतो, सोनंनाणं बाळगतो. आम्हाला जमेल असं काही सांगा. (मेल्यावर स्वर्गही हवाच असतो त्यांना!) बुद्ध आज्ञा सोडत नाही. म्हणतो, असा विचार करा: मला जगायचंय, मरायचं नाही, कोणी माझा जीव घेतला तर मला ते आवडणार नाही. मग जे मला नकोसं, ते मी दुसऱ्याच्या माथी कसं मारू? हाच निकष तो चोरी, व्यभिचार, खोटं, चहाडी, कठोर बोलणं इथून थेट निरर्थक बडबडीपर्यंत नेतो. या शेवटच्यावर आपल्यातले किती टिकतील, देव जाणे. पण हे पटायला कुठल्या ग्रंथावर श्रद्धा लागत नाही, म्हणून मी याला सार्वत्रिक म्हणेन.

बौद्ध नीतीचं उदाहरण म्हणून सम्राट अशोकाचा दाखला मात्र जपून द्यावा. बाराव्या शिलालेखात तो परपंथाची विनाकारण निंदा नको म्हणतो, ते उत्तमच. पण तेराव्यात कलिंगाबद्दल हळहळतानाच अरण्यातल्या लोकांना दमही भरतो, की पश्चात्ताप झाला असला तरी माझ्या हाती बळ आहे.