मदत हवी आहे: शेवट गोड असलेली मराठी कादंबरी (रविवारच्या आत)

घोडबंदरवाला | मंगळवार, रात्री ११.४०
नमस्कार. एक मराठी कादंबरी सुचवा. फार जाड नको, त्यात कुणी मरायला नको आणि पाच-सहा प्रती सहज मिळायला हव्यात. रविवारी सकाळी नाव जाहीर करायचं आहे. गूगल करून झालं, तिथे त्याच त्या 'वाचायलाच हव्यात' छाप याद्या येतात. कृपया रसग्रहण लिहू नका, नाव सांगा.

मोगरा | मंगळवार, रात्री ११.५२
कुणासाठी? एकट्याला वाचायची तर सहा प्रती कशाला? वाढदिवसाला वाटायच्यात का? वय काय, आधी काय वाचलंय, काहीच लिहिलं नाहीत.

तात्या_नेरूळ | बुधवार, सकाळी ६.१०
मृत्युंजय. डोळे मिटून घ्या. १९६७ ची कादंबरी, अजून कुठल्याही दुकानात समोरच ठेवलेली असते.

खडूस_वाचक | बुधवार, सकाळी ८.०५
तात्या, प्रश्न तरी वाचत जा. कर्ण जगतो का शेवटी? आणि 'जाड नको' म्हटलंय त्यांनी. मृत्युंजय उशाला घेऊन झोपता येतं.

तात्या_नेरूळ | बुधवार, सकाळी ८.११
कर्ण मरणार हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. आधीच ठाऊक असलेलं मरण मोजायचं नसतं.

घोडबंदरवाला | बुधवार, सकाळी ९.२०
मोजायचं. सांगायचं राहिलं, आमच्या सोसायटीच्या वाचनकट्ट्यासाठी हवी आहे. मानपाड्याच्या पुढे राहतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी अकरा जण क्लबहाउसात बसतो, एक पुस्तक ठरवतो, पुढच्या वेळी त्यावर बोलतो. गेल्या खेपेची निवड चुकली असं मी ग्रुपवर लिहिलं. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, मग आता तुम्हीच निवडा. पडलं गळ्यात. आता नाव सांगा.

अनुस्वार | बुधवार, सकाळी ९.४५
गेल्या खेपेला कोणती होती?

घोडबंदरवाला | बुधवार, सकाळी ९.४७
कोसला.

खडूस_वाचक | बुधवार, सकाळी ९.५०
कोसला ही चुकलेली निवड?? १९६३ साली पंचविशीतल्या माणसानं लिहिलेलं पुस्तक अजून लोक एकमेकांच्या अंगावर जाऊन भांडतात त्यावर. तुमच्या कट्ट्यालाच कोसला पचली नाही असं म्हणा.

मोगरा | बुधवार, सकाळी १०.१५
मला दोनदा अर्ध्यात सोडावी लागली, तिसऱ्यांदा पुरी झाली. सांगवीकर कॉलेजातून गावाकडे परत जातो तिथपासून मग हातातून सुटली नाही. पण महिन्यातून एकदा वडा-चहा खात बोलायला जमणाऱ्या मंडळींना पहिल्याच घासाला कोसला द्यायची म्हणजे जरा क्रूरपणा आहे.

खडूस_वाचक | बुधवार, सकाळी १०.१८
वडा खात कोसला वाचूच नये.

पावशेर | बुधवार, सकाळी १०.३०
सध्या मी काय वाचतोय ते सांगतो. तुंबाडचे खोत, दुसरा खंड. खोतांच्या चार पिढ्या डोळ्यांसमोरून जातात. पहिल्या खंडाला मे महिना गेला, दुसऱ्याला अख्खा पावसाळा. वीकेंडला दार लावून बसतो, बायको जेवण सरकवते.

घोडबंदरवाला | बुधवार, सकाळी १०.३३
दोन खंड??

पावशेर | बुधवार, सकाळी १०.३४
तुम्हाला सुचवली नाही हो. वाचतोय म्हणून सांगितलं.

सदाफुली | बुधवार, दुपारी १२.४०
पुस्तकांचा विषय निघालाच आहे तर, कपाटाच्या खालच्या खणाला वाळवी लागली असेल तर पुस्तकं आधी बाहेर काढून कडक उन्हात घाला. नुसता कडुनिंबाचा पाला ठेवून काही होत नाही. आमच्या वाशीच्या घरात भिंतीतून आली होती, शेवटी माणूस बोलावून भिंतीत औषध भरून घ्यावं लागलं.

घोडबंदरवाला | बुधवार, दुपारी १२.५५
वाळवी नाही.

भटक्या_ऐरोली | बुधवार, दुपारी १.१०
साहित्य अकादमी मिळालेली घ्या, चर्चा चांगली रंगते. झाडाझडती (१९९२), बारोमास (२००४), रिंगाण (२०२३). तिन्ही वाचल्यात. ट्रान्स हार्बरला ऐरोलीपासून उभ्यानं जायचं असतं, तेवढाच वेळ मिळतो.

खडूस_वाचक | बुधवार, दुपारी १.२५
एकीत शेतकरी पिचलेला, बाकी दोन्हींत माणसं गावातून उठवलेली. 'शेवट गोड' हे शब्द धाग्याच्या शीर्षकात आहेत हो.

भटक्या_ऐरोली | बुधवार, दुपारी १.३१
मग गोड शेवटाची एक गंभीर मराठी कादंबरी तुम्हीच दाखवा ना. बनगरवाडी? दुष्काळ पडतो, वाडी ओस पडते. रणांगण? बोट मुंबईला लागते आणि ती मुलगी बोटीवरच राहते, पुढचं सांगत नाही. धग? नावच बघा. पानिपत? तेही नावातच आलं.

अनुस्वार | बुधवार, दुपारी १.५०
हा मुद्दा खरा आहे. आपल्याकडे हसरं लिहायचं म्हटलं की लेखक कथेकडे किंवा व्यक्तिचित्राकडे वळतो. कादंबरी घेतली की गाव, घर, धरण, काहीतरी बुडवल्याशिवाय चैन पडत नाही.

मोगरा | बुधवार, दुपारी २.०५
पाडस! राम पटवर्धनांचा अनुवाद आहे, पण मूळ मराठीच वाटावी इतकी सुंदर भाषा. जंगलात राहणारा मुलगा आणि त्यानं पाळलेलं हरणाचं पिल्लू. किती गोड आहे!

खडूस_वाचक | बुधवार, दुपारी २.०८
शेवटची पन्नास पानं वाचली नाहीत वाटतं.

मोगरा | बुधवार, दुपारी २.२०
दहावीच्या सुट्टीत वाचली होती. आत्ता आठवलं. मागे घेते.

तात्या_नेरूळ | बुधवार, संध्याकाळी ५.३०
स्वामी घ्या मग. १९६२. माधवराव आणि रमाबाई, नवरा-बायकोचं प्रेम असावं तर असं. आमच्या हिने तीनदा वाचलीय. जाड आहे, पण सरसर जाते.

घोडबंदरवाला | बुधवार, संध्याकाळी ५.४१
तात्या, माधवराव सत्ताविसाव्या वर्षी क्षयानं गेले आणि रमाबाई थेऊरला सती गेल्या. एवढं मलासुद्धा माहीत आहे. आमच्या कट्ट्यावर एक काका आहेत, काकू श्रावणात गेल्या. त्यांच्यासमोर स्वामी ठेवू? सगळ्यांनी कृपया आधी विचार करून लिहा.

मोगरा | बुधवार, संध्याकाळी ५.५०
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला नको होतं का? आम्ही इथे दुपारपासून माणसं मारत बसलोय.

तात्या_नेरूळ | बुधवार, संध्याकाळी ६.०२
माफ करा. माहीत नव्हतं.

कळवेकर | बुधवार, रात्री ९.१५
आत्ता धागा वरपासून वाचला. एक कळलं नाही. कोसला चुकली ती नेमकी कशी? कुणी वाचलीच नाही, की वाचून काही झालं?

घोडबंदरवाला | बुधवार, रात्री ९.४०
आमच्याकडे प्रत्येक वेळी एखादं प्रकरण मोठ्यानं वाचतात. या वेळी मनीच्या मृत्यूची पानं वाचली गेली. सांगवीकराची धाकटी बहीण, देवी येऊन जाते ती. काका पाणी पिऊन येतो म्हणून उठले आणि परत आले नाहीत. ग्रुपवरही गप्प आहेत.

कळवेकर | बुधवार, रात्री ९.४४
ती पानं निवडली कुणी?

घोडबंदरवाला | बुधवार, रात्री १०.२०
मी. वाचलीही मीच. पुस्तकातली सगळ्यात चांगली पानं आहेत ती, म्हणून. ग्रुपवर 'निवड चुकली' लिहिलं तेव्हा हे लिहिलं नाही.

खडूस_वाचक | बुधवार, रात्री १०.३१
सगळ्यात चांगली आहेत यात वाद नाही.

अनुस्वार | गुरुवार, सकाळी ७.३०
आता नीट कळलं काय हवंय. पु. शि. रेगे यांची सावित्री. १९६२. अगदी बारीक पुस्तक आहे, एका बाईनं लिहिलेली पत्रं, बस. दोन बैठकांत संपतं. मोठ्यानं वाचायला याच्यासारखं दुसरं नाही, एकेकानं एकेक पत्र घ्यायचं. लच्छी आणि मोराची गोष्ट लागली की कट्टा आपोआप बोलायला लागेल. मी दर एक-दोन वर्षांनी वाचते आणि दर वेळी दिवस बरा जातो.

भटक्या_ऐरोली | गुरुवार, सकाळी ८.१०
सावित्री सुंदर आहे, पण त्यात 'घडतं' काय हे विचारणारे दोघे तरी प्रत्येक कट्ट्यावर असतात.

अनुस्वार | गुरुवार, सकाळी ८.१२
त्यांना वडा द्यायचा.

दापोलीचा_नातू | गुरुवार, सकाळी ११.००
एवढे प्रतिसाद झाले आणि गारंबीचा बापू कुणी घेत नाही? श्री. ना. पेंडसे, १९५२. आमच्याच दापोलीकडचा मुलूख. उनाड म्हणून हिणवलेलं पोर, राधेसाठी गावाशी वैर घेतं आणि गावालाच पुरून उरतं. सुपारीच्या बागा, हॉटेल, गावकी, सगळं आहे. शेवटाला पुस्तक मिटताना छाती फुगते. आजोबा मुलांना गोळा करून वाचून दाखवायचे, बापूचे संवाद उभं राहून.

खडूस_वाचक | गुरुवार, सकाळी ११.१५
यावर मला काही वाईट बोलता येत नाही.

मोगरा | गुरुवार, सकाळी ११.१६
धाग्याची वाचनखूण साठवली, खडूस गप्प झाले.

पावशेर | गुरुवार, दुपारी १२.००
कट्ट्यावर मुलं येत असतील तर फास्टर फेणेही चालेल. भा. रा. भागवत. फुरसुंगीचा बन्या, सायकल, ट्टॉक! कुणी मरत नाही आणि मोठ्यांनाही मजा येते, फक्त कबूल करत नाहीत. मी कबूल करतो.

सदाफुली | गुरुवार, दुपारी १२.२०
टाइप बघून घ्या मात्र. जुन्या आवृत्त्यांची अक्षरं इतकी बारीक असतात की साठीच्या पुढच्या माणसाला दहा पानांत डोळे चोळावे लागतात.

घोडबंदरवाला | गुरुवार, दुपारी १२.२५
टाइपचा प्रश्न नाही हो इथे.

तात्या_नेरूळ | गुरुवार, दुपारी २.००
प्रती कुठे बघताय? ठाण्यात असाल तर मराठी ग्रंथसंग्रहालयात आधी जा. १८९३ पासूनची संस्था आहे, जुनं पुस्तक तिथे नाही असं क्वचित होतं. सहा प्रती काही मिळणार नाहीत, पण एक तरी हातात येईल. उरलेल्या नौपाड्यात दुकानांत शोधा. फक्त संध्याकाळी गोखले रोडला गाडी नेऊ नका, पार्किंग शोधण्यात कादंबरी वाचून होईल.

कळवेकर | गुरुवार, रात्री ८.५०
घोडबंदरवाले, तीन दिवस आम्ही काकांना काय झेपेल ते ठरवतोय. तुमच्याच इमारतीत राहतात ना ते? विचारलंत का?

घोडबंदरवाला | गुरुवार, रात्री ९.३०
काय विचारणार? 'काका, मेलेलं माणूस चालेल का' असं?

कळवेकर | गुरुवार, रात्री ९.३३
असं नाही. पण दार वाजवायला काय जातं.

घोडबंदरवाला | शनिवार, सकाळी ११.०५
काल रात्री गेलो होतो. तासभर बसलो. त्यांनी चहा केला, साखर विसरले, मी तसाच प्यायलो.

माफी मागितली. म्हणाले, कसली माफी? उठलो कारण तू फार नाटकी वाचतोस. मनी जातेय की तू जातोयस तेच कळेना. मग मी आणखी काही बोललो नाही.

आपण काढलेली यादी दाखवली. मरणाचं बोललो तर म्हणाले, पानिपत मी तीनदा वाचलंय, भाऊसाहेब तिन्ही वेळा पडले. त्यांची एकच अट आहे. काय असेल? टाइप मोठा हवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललंय, काकूंच्या गडबडीत राहून गेलं. कोसला त्यांना वाचताच आली नव्हती, फक्त ऐकायला आले होते. सदाफुलीताई, तुमची माफी मागतो.

सावित्री आणि बापू दोन्ही आवडतील म्हणाले. बापू तरुणपणी वाचलाय. काकू गुहागरच्या, त्यांच्या माहेरच्या घरी एक प्रत होती. तर उद्या गारंबीचा बापू जाहीर करतोय. सावित्री पुढच्या खेपेला.

दुकानातून नव्या चार प्रती घेतल्या, टाइप ठीक आहे. आणखी दोन हव्यात. आज संध्याकाळपर्यंत ठाणे-कळवा भागात कुणी देऊ शकेल का? उसनी चालेल.

सदाफुली | शनिवार, सकाळी ११.२०
माफी वगैरे कसली. काकांना म्हणावं ऑपरेशन लांबवू नका. आमच्या ह्यांचं झालं, दुसऱ्या दिवशी पेपर वाचत होते.

दापोलीचा_नातू | शनिवार, सकाळी ११.२५
गुहागरच्या होय काकू! मोठ्यानं कोण वाचणार आता?

घोडबंदरवाला | शनिवार, सकाळी ११.३१
मी नाही. तेवढं ठरलंय.

कळवेकर | शनिवार, सकाळी ११.४०
माझ्याकडे एक आहे. मुखपृष्ठ नाही, पहिल्या पानावर वडिलांची सही आहे आणि मधल्या काही पानांवर चहाचे डाग. टाइप बारीक आहे, काकांना देऊ नका. पाच वाजता गडकरी रंगायतनसमोर तलावपाळीच्या बाजूला उभा राहतो. पुस्तक परत हवंय.

घोडबंदरवाला | शनिवार, सकाळी ११.४२
आलोच. निळा शर्ट.