दीपगृह बघायला दोघं गेलात? मग सोबत म्हणून गेलेल्याने लिहा

मंडळी, दीपगृह बघायला जाणाऱ्या जोडप्यात बहुतेक वेळा एकालाच त्याचं वेड असतं आणि दुसरं माणूस सोबत म्हणून जातं. वेड असलेल्यांचं भरपूर वाचून झालंय, उंची किती, बांधलं कधी, दर किती सेकंदांनी झोत येतो, सगळं. मला ऐकायचंय ते सोबत गेलेल्यांकडून. नुसतं बरोबर म्हणून गेलात आणि तिथे एखादी गोष्ट बघून थबकलात, असं झालंय का? काय होती ती?

सुरुवात मीच करते. आमच्याकडे वेड नवऱ्याला. गेलो होतो कॅलिफोर्नियातल्या पॉइंट रेयेसला, सकाळी निघून रात्री परत. इथे दीपगृहाकडे चढायचं नसतं, उतरायचं असतं. कड्याच्या माथ्यावर धुकं इतकं असतं की वर दिवा लावून उपयोग नाही, म्हणून १८७० साली ते मुद्दाम कड्याच्या अर्ध्यात, खाली बांधलं, म्हणजे धुक्याच्या थराखालून उजेड जहाजांपर्यंत पोचावा. ३१३ पायऱ्या खाली आणि येताना अर्थातच तेवढ्या वर. वारा फार असला की पायऱ्या बंद ठेवतात हे आधी बघून जा, नाहीतर वरूनच परत यावं लागतं. आम्ही गेलो तेव्हा उघड्या होत्या पण एकमेकांशी बोलायचं तरी ओरडून बोलावं लागत होतं.

मला वाटलं होतं आत एखादा भला मोठा बल्ब असेल. आत गेले तर माणसाहून उंच काचेची खोलीच उभी, पितळी चौकटीत ओळीने बसवलेले लोलकच लोलक, जवळ गेलं की प्रत्येकाच्या कडेला हिरवट निळसर रेघ दिसते आणि आपण जरा हललो की ती रेघ पुढच्या लोलकावर सरकते. १८६७ साली फ्रान्समध्ये घडवलेलं हे भिंग. ते फिरवायला घड्याळासारखं यंत्र, वजन हळूहळू खाली उतरतं तसं भिंग फिरतं, आणि दर दोन तास वीस मिनिटांनी वजन परत वर ओढून चावी द्यायची. रात्रभर! नवऱ्याला हे सगळं पाठ होतं, पण त्या चावीच्या दांड्याकडे बघताना माझ्या डोक्यात एकच आलं, की बाहेर हा असा वारा, आत कुणीतरी एकटा जागा, आणि त्याने डुलकी काढली तर तिकडे समुद्रात कुणाचं तरी जहाज खडकावर. परत चढताना मीच त्याला प्रश्न विचारत होते.

आता तुमचं सांगा.

*

आमच्यात उलटं आहे, वेड बायकोला आणि सोबत मी. अमेरिकेतलंच, केप हॅटरस. काळ्यापांढऱ्या पट्ट्या गोल फिरत वर जाणारं, फोटोत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मी सिव्हिलवाला असल्यामुळे मला दिव्यात रस नव्हता, पण हिने गाडीत सांगितलं की हे अख्खं दीपगृह जागेवरून हलवलंय, तेव्हा मी नीट ऐकायला लागलो. १८७० ला बांधलं तेव्हा समुद्र दीड हजार फूट लांब होता, शंभर वर्षांत किनारा खचत खचत पाणी १२० फुटांवर आलं. मग १९९९ ला विटांचं हे जवळजवळ ४८०० टनांचं काम जॅकवर उचललं, रुळांवर ठेवलं आणि २३ दिवसांत २९०० फूट आत नेलं. विटेत तडा नाही! ज्यांनी विटांचं जुनं बांधकाम नुसतं एका बाजूने टेकू देऊन दुरुस्त केलंय त्यांना यातली धास्ती कळेल.

आम्ही आधी जुन्या जागेवर गेलो, तिथून नव्या जागेपर्यंत चालत गेलो. ते अंतर पायाने चाललं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, आकड्यात ते काहीच वाटत नाही. वर चढायला बारा मजल्यांएवढं आहे, लिफ्ट नाही, उन्हाळ्यात आत हवा खेळत नाही, पण मध्ये टप्पे आहेत. आणि पट्टे हे शोभेसाठी नाहीत बरं का, दिवसा जहाजाला कुठलं दीपगृह ते ओळखू यावं म्हणून. त्याच किनाऱ्यावर केप लुकआउटला चौकटी चौकटी आहेत, बोडी आयलंडला आडवे पट्टे. रात्रीची ओळख झोताच्या वेळेवरून, दिवसाची रंगावरून. हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा ही सांगत असेल आणि माझं लक्ष नसेल.

*

वरच्या दोघांचं वाचून राहवलं नाही. फ्रान्समधलं कोर्दुआँ. ज्यांना भिंगांचं वेड आहे त्यांच्यासाठी हे म्हणजे पंढरीच, कारण फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधलेलं भिंग १८२३ साली पहिल्यांदा इथेच लागलं. तोवर दिव्यामागे आरसे लावून काम चालायचं आणि बराचसा उजेड वायाच जायचा. फ्रेनेलने एका जाडजूड भिंगाऐवजी काचेची कडी कडी करून तोच परिणाम साधला, म्हणजे वजन कमी आणि जवळजवळ सगळा उजेड गोळा होऊन एका झोतात. हे ज्ञान यजमानांकडून बोटीत बसल्या बसल्या मिळालं.

पण मला जे आवडलं ते वेगळंच. हे दीपगृह समुद्रात आहे, नदीच्या मुखाशी, आणि बोट थेट दारात जातच नाही. ओहोटी धरून निघायचं, वाळूच्या पट्ट्यापाशी उतरायचं आणि शेवटचं अंतर पाण्यातून चालत. पँट गुडघ्यापर्यंत वर, चपला हातात, समोर ते प्रचंड दगडी बांधकाम. परतायची वेळ बोटवाला ठरवतो कारण भरती कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे आत किती वेळ घालवायचा हे आपल्या हातात नाही, आणि मला वाटतं त्यामुळेच आम्ही दोघांनी तिथे फोन बाहेरसुद्धा काढला नाही. आत राजासाठी केलेली खोली आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर चक्क चॅपल, रंगीत काचांची. १५८४ ला काम सुरू, १६११ ला पूर्ण, नंतर १७८९ च्या सुमारास अजून उंच केलं. ३०१ पायऱ्या. खालच्या मजल्यांवर कोरीवकाम आणि वरचा भाग एकदम साधा, दोन काळ एकावर एक ठेवलेले स्पष्ट दिसतात.

जाणार असाल तर ओले झाले तरी चालतील असे कपडे घाला, पाण्यात चालायला धरून बसतील असे सँडल घ्या, आणि बोटीचं आधी ठरवा, रोजची वेळ भरती-ओहोटीप्रमाणे बदलते.

*

माझे गुडघे गेलेत त्यामुळे मी खालीच बसते, हे वर जातात. वर जाता येत नसेल तरी जा, एवढंच सांगायला लिहितेय. फक्त एक करा, दिवा लागेपर्यंत थांबा. सगळी गर्दी उन्हं कलली की निघून जाते आणि ज्याच्यासाठी एवढा मनोरा बांधला तो दिवा कुणी बघतच नाही. आम्ही थांबलो. मी घड्याळ घेऊन दोन झोतांमधलं अंतर मोजत बसले होते, हे वरून उतरून आले आणि म्हणाले किती? मी सांगितलं ते दीपगृहांच्या यादीत दिलेल्या झोताच्या आकड्याशी जुळलं. आता हेच माझं काम, हे चढतात, मी मोजते.

*

माझी गोष्ट थोडी वेगळी आहे. माझ्या नवऱ्याचे वडील दीपगृह खात्यात होते, त्याचं लहानपण क्वार्टर्समध्ये गेलं, दर काही वर्षांनी बदली आणि नवा किनारा. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी तो त्याबद्दल फारसं बोलायचा नाही. मध्ये एकदा आम्ही दोघंच त्यातल्या एका जागी गेलो, दिवसभरासाठी.

तिथे एक गोष्ट कळली जी मी कुठे वाचली नव्हती. दिवसा काचांवर पडदे ओढून ठेवायचे असतात. का, तर भिंग जसं आतला उजेड बाहेर फेकतं तसंच बाहेरचं ऊन आत एका जागी गोळा करतं आणि आग लागू शकते. सकाळी दिवा बंद झाला की पडदे, संध्याकाळी पडदे काढून काचा पुसायच्या, बाहेरून खारं पाणी आणि पक्ष्यांची घाण, आतून धूळ. लहानपणी पितळ घासायचं काम याच्याकडे असायचं. वर ड्यूटीवर असलेल्या माणसाशी तो बोलायला लागला, अमुक ठिकाणी अमुक भिंग होतं, भिंग पाऱ्यावर तरंगत फिरायचं, बोटाने ढकललं तरी हलायचं एवढं वजन असून. मी त्याला इतकं सलग बोलताना क्वचितच ऐकलंय. त्या माणसानेही मग आम्हाला घाई केली नाही. आता दिवे एलईडी झालेत, सौर पॅनल आलेत, जीपीएस आहे, जहाजांना याची पूर्वीसारखी गरज उरली नाही हे दोघंही मान्य करत होते. पण जीपीएस बंद पडला तर? असं तो माणूस म्हणाला, आणि ते मला पटलं.

गेलात तर तिथे कामावर असलेल्या माणसाशी बोला. परवानगी विचारून, त्याचं काम अडवू नका, पण बोला. पाटीवर वर्ष आणि उंची असते, पडद्यांचं पाटीवर नसतं.

*

मला उंचीची भीती आहे आणि बायकोला प्रत्येक दीपगृहाच्या टोकाला जायचं असतं. वाचणाऱ्यांत माझ्यासारखे असतील म्हणून लिहितो. जिना दगडी असेल तर काही वाटत नाही, भिंतीला हात लावून जाता येतं. लोखंडी जाळीच्या पायऱ्या असतील तर त्यातून खालचं तळापर्यंत दिसतं, तिथे त्रास होतो. त्यामुळे जायच्या आधी जिना कसला आहे ते शोधा, फोटो मिळतात. मी आतल्या बाजूने न चालता भिंतीकडच्या बाजूने चालतो, पायरी तिकडे रुंदही असते, आणि बायको माझ्या पुढे असते, मागे नाही, म्हणजे मला बघायला तिची पाठ असते. गॅलरीत मी दारापाशीच उभा राहतो. ती कठड्यापाशी जाऊन काय दिसतंय ते मोठ्याने सांगते, बोट कुठे, खडक कुठे, पाण्याचा रंग कुठे बदलतो. अशी आम्ही स्पेनमधल्या हर्क्युलसच्या मनोऱ्यावर जाऊन आलो, जो रोमन काळातला आहे आणि आजही वापरात आहे. बाहेरचा दगड १७९१ ला पूर्ण झालेल्या दुरुस्तीचा, आतल्या भिंती रोमनांच्या. जिना दगडी आहे, माझ्यासारख्याला जमतो.

पॉइंट रेयेसबद्दल विचारायचं होतं, त्या ३१३ पायऱ्यांना दोन्ही बाजूंना कठडा आहे का?