स्वीकृत शोधनिबंधाचे प्रकाशनशुल्क कोणी भरायचे?

प्रश्न (सहायक प्राध्यापक, औषधवैद्यकशास्त्र)

मी मराठवाड्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो. कीटकनाशकाच्या विषबाधेचे जे रुग्ण आमच्याकडे येतात, त्यांच्या तीन वर्षांच्या नोंदींवर आम्ही शोधनिबंध लिहिला. तो एका परदेशी ओपन अ‍ॅक्सेस (म्हणजे कोणालाही विनामूल्य वाचता येणाऱ्या) जर्नलने स्वीकारला आणि पाठोपाठ प्रकाशनशुल्काची मागणी आली. ही रक्कम माझ्या दोन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. सवलत मागितली, तर भारत त्यांच्या यादीत नाही असे कळले. बढतीसाठी निबंध हवाच आहे. पण त्याहून अधिक मला असे वाटते की, जिथे हे रुग्ण सर्वांत आधी पोहोचतात त्या ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरला तो विनामूल्य वाचता यावा. कर्ज काढून पैसे भरावेत का?

उत्तर (ग्रंथपाल, नांदेड)

कर्ज काढू नका. अनेक प्रकाशक अल्प उत्पन्नाच्या देशांना शुल्क माफ करतात. परंतु भारताचे दरडोई उत्पन्न कमी असले तरी एकूण अर्थव्यवस्था मोठी असल्यामुळे आपण त्या सवलतीतून वगळले जातो, आणि देशाच्या आकाराचा भुर्दंड एकट्या लेखकावर पडतो. मला हा सरळ अन्याय वाटतो. ‘नेचर’ या विज्ञानविषयक जर्नलने २०२१ पासून ओपन अ‍ॅक्सेससाठी ९,५०० युरो शुल्क ठेवले, तेव्हा वाचकापुढची भिंत काढून ती लेखकापुढे उभी केल्यासारखे झाले.

शासकीय संस्थांना जर्नले वाचायला मिळावीत म्हणून आखलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी तिची तरतूद ६,००० कोटी रुपयांची आहे आणि निवडक जर्नलांतील प्रकाशनशुल्कासाठीही वर्षाला १५० कोटींचे साहाय्य जाहीर झाले आहे. तुमचे महाविद्यालय शासकीय असेल, तर तुमचे जर्नल त्यात बसते का, हे तुमच्या ग्रंथालयाकडून आधी तपासून घ्या. बसत नसेल, तर वर्गणीवर चालणाऱ्या जर्नलकडे वळा. तेथे बहुधा लेखकाला शुल्क नसते, आणि स्वीकृत हस्तलिखित ठरावीक मुदतीनंतर संस्थेच्या संग्रहात मोफत ठेवण्याची मुभा अनेक प्रकाशक देतात.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई)

वरील सल्ल्यात एक भर घालतो. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडमध्ये विंचूदंशाच्या रुग्णांवर उपचार करता करता केलेले काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आले. ग्रामीण भागातल्या डॉक्टराला त्या काळी निबंध पाठवायला टपालखर्चापलीकडे फारसे काही लागत नसे. आज तसाच तरुण डॉक्टर शुल्काचा आकडा पाहूनच थांबला, तर विंचू, साप आणि विषबाधा यांविषयीचे ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यांच्याच हातून ते निसटेल.

१९१३ पासून निघणारे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद चालवते. ते लेखकाकडून शुल्क घेत नाही आणि वाचकालाही खुले आहे. आपल्यासाठी न्याय्य नमुना हाच, असे माझे ठाम मत आहे. मात्र ‘आठ दिवसांत छापतो’ असे सांगणाऱ्या जर्नलांपासून कृपया दूर राहा. नीट तपासणी न होता त्यांत छापलेला निबंध रुग्णाच्या उपयोगी पडत नाही.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. आमच्या ग्रंथालयाकडे उद्याच विचारणा करतो. दुसरीकडे निबंध पाठवण्यापूर्वी पहिल्या जर्नलला तो मागे घेत असल्याचे लेखी कळवून त्यांचे उत्तर येईपर्यंत थांबावे लागेल ना?

ग्रंथपाल, नांदेड

होय, थांबावेच लागेल. एकाच वेळी दोन जर्नलांकडे निबंध असणे हा नियमभंग आहे. आणि पुढच्या वेळी सवलतीची चौकशी स्वीकृतीनंतर न करता निबंध पाठवण्याआधीच करा.