मदत हवी आहे: पावसाच्या मॉडेलवर किती विसंबायचं?

नमस्कार मंडळी, देवगडला सड्यावर (कातळाच्या पठारावर) हापूसची बाग आहे आमची, आता मोहोर फुटलाय आणि तुडतुड्या किडीवर फवारणी करायची आहे पण अवकाळी पडला तर औषध धुवून जाणार आणि वर करपा रोग येणार म्हणून रोज विंडी (हवामानाचं ॲप) उघडून बसतो. त्यात युरोपियन मॉडेल (कॉम्प्युटरवर काढलेला अंदाज) शुक्रवारी पाऊस दाखवतंय आणि अमेरिकन जीएफएस म्हणतंय कोरडं. आता कुणाचं धरायचं?

थोडं वाचलं त्यावरून कळलं की मॉडेल नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला एकच अंदाज देतं, युरोपियनचा एक चौकोन साधारण ९ किमीचा, जीएफएसचा १३, म्हणजे आमचा सडा आणि खालची खाडी एकाच चौकोनात जातात. शिवाय युरोपियनवाले सुरुवातीचे आकडे जरा जरा बदलून तेच मॉडेल ५० वेळा परत चालवतात, आणि त्यातल्या १५ मध्ये पाऊस आला तर शक्यता ३० टक्के धरायची. हे मला पटतं, एकाच अंदाजाच्या रेषेपेक्षा बरंच खरं वाटतं. पण ते ३० टक्के खरंच ३० असतात का हे आपल्या किनाऱ्यापुरतं तपासायचं कसं? म्हणजे ज्या ज्या दिवशी ३० सांगितलं त्यातल्या साधारण तीनदशांश दिवशी पाऊस पडला का, असंच बघायचं ना? त्याला किती सीझनची नोंद लागेल, कारण डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पाऊस पडतोच किती वेळा.

वेंगुर्ला, मालवण, रत्नागिरीकडच्या कुणी अंदाज आणि पर्जन्यमापक दोन्हीची वही ठेवली असेल तर प्लीज फोटो टाका. आणि किती दिवस आधीच्या अंदाजावर तुम्ही फवारणीला माणसं सांगून ठेवता तेही लिहा.